दहा मीटरची एचडीएमआय केबल: महागडी घेऊ की फायबरवाली?

मदत हवी आहे. म्हापशात घरी प्रोजेक्टरसाठी भिंतीतल्या एक इंची पाइपमधून दहा मीटरची साधी एचडीएमआय केबल ओढलीय. १०८०पी (फुल एचडी) व्यवस्थित, ४के ६० हर्ट्झ (त्याच्या चौपट पिक्सेल, सेकंदाला ६० चित्रं) केलं की दर दोन-तीन मिनिटांनी पडदा काळा. दोन मीटरची केबल थेट लावून पाहिली, काही त्रास नाही. खाऱ्या हवेने प्लग काळवंडलेत, पुसले, फरक शून्य.

दुकानदार सोन्याच्या मुलाम्याची आठ हजारांची तांब्याची केबल गळ्यात मारतोय, म्हणे रंग खुलतात. डिजिटल सिग्नलचे रंग कसले खुलणार! मला ४के ६० हर्ट्झला लागणारा १८ जीबीपीएस (सेकंदाला १८ गिगाबिट) वेग टिकला की झालं.

बजेट पाच हजार, भिंत फोडायची नाही, पाइपला एक काटकोनी वळण आहे. ऑप्टिकल फायबरवाली (तांब्याऐवजी बारीक तंतूतून प्रकाशाने सिग्नल नेणारी) केबल अशा वळणातून कोणी ओढलीय का? आपल्या पावसाळ्यात तिची टोकं टिकतात का?