मदत हवी आहे: शरद ऋतूत वाचायला कोझी मिस्टरी सुचवा

पानगळ, धुकं, लवकर पडणारा अंधार असं वातावरण असलेली कोझी मिस्टरी शोधतेय, म्हणजे छोटं गाव, हौशी डिटेक्टिव्ह, आणि खून झाला तरी रक्तपाताचं वर्णन नाही. अगाथा ख्रिस्तीचं मिस मार्पलचं (तिची हौशी म्हातारी डिटेक्टिव्ह) पहिलं पुस्तक 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (1930) वाचलंय, खूप आवडलं. मग खास ऋतूसाठी म्हणून तिचंच 'हॅलोवीन पार्टी' (1969) घेतलं, त्यात पॉयरो (ख्रिस्तीचाच दुसरा डिटेक्टिव्ह) आहे आणि वातावरण अगदी हवं तसंच, पण खून एका लहान मुलीचा होतो आणि तिथे माझं मनच उडालं, त्यामुळे मुलं किंवा प्राणी मरणारी पुस्तकं प्लीज नकोत. रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' (2020) पण झालंय, त्यातली म्हातारी मंडळी फार गोड आहेत, तसा जिव्हाळा असेल तर उत्तमच.

इंग्रजी चालेल, मराठी अनुवाद असेल तर आनंदच. साधारण 300 पानांच्या आत, आणि सिरीज असेल तर मधूनच सुरू करता येईल अशी. भूतखेत, जादूटोणा नको. नुसतं कव्हरवर भोपळे नाहीत तर गोष्टीतच शरद ऋतू मुरलेला आहे, असं तुम्ही स्वतः वाचलेलं पुस्तक कुठलं?