जुन्या शहाबादी फरशीला पुन्हा चमक आणण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

लातूरमधील आमच्या घरात वडिलांच्या काळापासून शहाबादी फरशी आहे. उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंतचा येण्याजाण्याचा पट्टा आता पांढुरका आणि खरखरीत झाला असून, कपाटाच्या कडेची फरशी मात्र अजूनही निळसर-करडी आणि गुळगुळीत आहे. बोअरच्या जड पाण्याने रोज पुसल्यामुळे सांध्यांलगत क्षारांचा थरही धरला आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्याने अ‍ॅसिडने तो खाल्ला जातो, म्हणून तो उपाय मी करणार नाही. फरशी काढून टाइल्स बसवण्याचीही इच्छा नाही. उन्हाळ्यात या फरशीवर नुसती चटई टाकून पडण्याचे सुख आम्हाला सोडायचे नाही.

इतक्या झिजलेल्या फरशीला आधी मशीनने घासून घेणे आवश्यक आहे, की हाताने पाणपेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर) मारून वर मेणाचे पॉलिश चढवल्यास पुरेसे होईल? मेणाखाली क्षार अडकून डाग तसेच राहू नयेत, यासाठी ते आधी कशाने काढावेत? घरात वयस्कर आई असल्याने मेण लावल्यावर फरशी घसरडी होते का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. लातूर किंवा धाराशिव परिसरात हे काम करून घेतलेल्यांनी प्रति चौरस फूट दर कळवल्यास आभारी राहीन.