एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू झाल्यापासून वजन वाढतंय, हार्मोन्समुळे असेल का?

सोलापूरकर३४: बहिणीची टीएलडी (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) सुरू होऊन आठ महिने झाले, रोज एकच गोळी, आधी ४१ किलो होती आता ५३, पोट सुटलंय म्हणून रडते आणि गोळी बंद करू का विचारते. थायरॉईड वगैरे बिघडलं असेल का?

साधीताई: बंद अजिबात करू देऊ नका हो! ४१ म्हणजे आजारानं खंगलेलीच होती ना, व्हायरस दबला की भूक परत येते, खाल्लेलं अंगी लागतं, त्यातलं बरंचसं वजन तिचं गेलेलंच परत आलंय. माझं पण पहिल्या वर्षात ९ किलो वाढलं होतं.

लॅबवाला: ताई बरोबर बोलतायत, पण टीएलडीतल्या डोल्युटेग्राविर या औषधानं वजन वाढतं हेही खरंय, दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडव्हान्स नावाच्या ट्रायलमध्ये बायकांचं पुरुषांपेक्षा जास्त वाढलं होतं. हार्मोन्सचं म्हणाल तर चरबी स्वतःच लेप्टिन हे हार्मोन सोडते, भुकेचा सिग्नल त्यावर चालतो, त्यामुळे वजन आणि हार्मोन्स या दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि उपाशीपोटी शुगर करून घ्या. शुगर निघाली आणि कुणी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी लिहून दिलं तर टीएलडी चालू आहे हे आधी सांगा, कारण डोल्युटेग्राविरमुळे रक्तातलं मेटफॉर्मिन वाढतं, डोस कमी ठेवावा लागतो. हे लाजेपायी लपवू नका प्लीज.

सोलापूरकर३४: सोमवारी एआरटी सेंटरला नेतोय. पाळी पण दोन महिने लांबलीय तिची, तेही सांगू का?

साधीताई: सांगाच, आणि लग्न झालेलं असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा. तोवर गोळी रोजच्या वेळेला चालूच.