एचआरने साक्षीदाराचं नाव दिलं नाही म्हणून अडू नका

अंधेरीच्या ऑफिसात व्हीलचेअर घेऊन लिफ्टमध्ये जाऊ दिलं नाही, हे वॉचमनने पाहिलं, पण एचआर त्या वॉचमनचं नाव देत नाही, असं एका ताईंनी लिहिलंय. अहो, तो बहुतेक कंपनीचा माणूसच नसणार! इमारतीने एजन्सीकडून घेतलेला असतो. तेव्हा इमारतीचं व्यवस्थापन आणि एजन्सी, दोघांनाही तारीख, वेळ, गेट लिहून पत्र द्या, पोच घ्या. सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवा हेही त्यातच लिहा, ते लवकर पुसलं जातं. दाद नाही दिली तर दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे तक्रार करा: दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ८२. साक्षीदाराला समन्स काढायचे, कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार या आयुक्तांना आहेत (कार्यालय पुण्यात). तक्रारीसोबतच वॉचमनला समन्स काढा, फुटेज मागवा असा अर्ज जोडा. वॉचमनला काय बोलायचं ते मात्र पढवू नका, उलटतपासणीत लगेच उघडं पडतं.