डोंगरउताराच्या रानाला एकच माती परीक्षण चालतं का?

तालीवरचा_मका, ढेबेवाडी खोरं (ता. पाटण)
आमची सव्वा एकर वरकस (डोंगरउताराची हलकी जमीन) आहे, एकाखाली एक तीन ताली, म्हणजे बांध घालून केलेले पायरीसारखे तुकडे. म्हशींना वैरणही होईल म्हणून यंदा पहिल्यांदा मका केला. उन्हाळ्यात सगळ्या रानाची मिळून एकच माती तपासून आणली. कार्डावर नत्र (नायट्रोजन) कमी, स्फुरद (फॉस्फरस) मध्यम, जस्त (झिंक) पुरेसं. आता मका गुडघ्याला लागलाय, तर वरच्या तालीतला जांभळट पडलाय आणि कोवळ्या पानांत मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी पांढरट पट्टे आलेत. खालची ताल हिरवीगार. खत तिन्हीकडं सारखंच पडलंय. कार्डाचं खरं मानू का पिकाचं?

काळी_माती, कराड
पिकाचं माना. जांभळट पानं बहुतेक स्फुरद कमी पडल्यानं, पांढरे पट्टे जस्त कमी पडल्यानं. दादा, माती गोळा कशात केली होती?

तालीवरचा_मका
पत्र्याच्या बादलीत. वाळवली खताच्या रिकाम्या पोत्यावर. खाली सात खड्डे घेतले, वर तीनच, वर कुदळ चालत नाही.

काळी_माती, कराड
मग कार्ड तुमच्या वरच्या तालीचं नाहीच. बादलीच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो, तो मातीत उतरतो. पोत्याला चिकटलेलं खतही मातीत गेलं असणार. शिवाय दरसाल पावसानं वरची माती धुऊन खाली येते, म्हणून तीन ताली म्हणजे तीन वेगळी रानं धरायची.

काढणीनंतर, पुढचं खत पडायच्या आधी, दर तालीला नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या. एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून तळापर्यंत सोलून प्लॅस्टिकच्या घमेल्यात घ्या. बांध, झाडाखालची जागा, शेणखताचा ढीग, मेंढ्या बसवलेली जागा टाळा. सावलीत वाळवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो राहू द्या. आणि सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते) नीट बघा. तुमच्याकडच्या पावसात तांबडी माती आम्ल होते, मग लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात. टाकलेलं खत मुळाला मिळतच नाही.

वारणाकाठ, शिराळा
यंदापुरतं १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट, २५ ग्रॅम चुन्याची निवळी घालून फवारा. आमच्या उतारावर आठवड्यात नवी पानं सुधारली होती. चुना विसरू नका, पानं करपतात.

तालीवरचा_मका
फवारणी उद्याच. काल वरच्या तालीत खणून पाहिलं, सहा-सात बोटं माती आणि खाली पिवळा मुरूम. खालच्या तालीत हातभर खणलं तरी माती संपेना. इतकी वर्षं हे रान कसतोय, पण हे कधी बघितलं नव्हतं. वर वीतभर माती नाहीच, तर खड्डा किती घेऊ?

काळी_माती, कराड
माती आहे तेवढीच घ्या, मुरूम मिसळू नका. खोली मात्र पिशवीवर लिहा.