मदत हवी आहे: चार गाड्यांचे पुढचे अ‍ॅक्सल एकत्र जमून उघडायचे आहेत, दिवसाची आखणी कशी करावी?

मंडळी,

आमच्या गटातल्या चार गाड्यांचे पुढचे अ‍ॅक्सल एकाच दिवशी एकत्र जमून करायचं ठरतंय. सगळ्या टोयोटाच्या: दोन जुन्या हायलक्स, एक ६० सिरीज लँड क्रूझर आणि एक ८० सिरीज. चौघींनाही पुढे सॉलिड अ‍ॅक्सल, त्याच्या टोकाच्या गोळ्यावर फिरणारं बंद नकल (ज्याच्यामुळे चाक वळतं तो भाग) आणि त्याच्या आत बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा). म्हणजे काम जवळपास सारखंच आहे: आतली ऑइल सील, गोळ्यावरची पुसणारी सील, नकलची वरची-खालची बेअरिंग, चाकांची बेअरिंग आणि सगळीकडे नवं ग्रीस. आम्ही आठ जण आहोत. तिघांनी हे काम आधी केलंय, त्यात मी एक. बाकीच्या पाच जणांनी चाक बदलण्यापलीकडे हात घातलेला नाही, पण शिकायची इच्छा मनापासून आहे.

अ‍ॅक्सल कसा उघडायचा हे मी विचारत नाहीये, त्यासाठी वर्कशॉप मॅन्युअल आहे. माझी अडचण दिवसाच्या आखणीची आहे. मागच्या वेळी काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे ही काळजी कुठून आली ते कळेल.

तेव्हाही चार गाड्या होत्या. सकाळी नऊला आम्ही उत्साहाने चारही गाड्या जॅकवर घेतल्या आणि तासाभरात आठही चाकं, कॅलिपर, हब उतरवले. उघडणं भराभर होतं, वेळ खातं ते धुणं. जुनं ग्रीस आणि त्यात मिसळलेलं गिअर ऑइल यांचा काळा राडा प्रत्येक नकलमधून ओंजळी ओंजळी निघत होता, आणि धुवायला टब होता एक. दोन गाड्यांचे भाग त्याच टबात गेले. संध्याकाळी बेअरिंग कॅपखालच्या शिम हातात घेतल्या तेव्हा कोणती कोणत्या बाजूची हे कुणालाच सांगता येईना.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. या शिम म्हणजे कागदासारख्या पातळ चकत्या, पण त्या दोन कामं करतात. नकलची बेअरिंग किती दाबाखाली बसतील ते त्या ठरवतात, आणि वर-खाली त्यांची वाटणी कशी आहे यावर नकल गोळ्याच्या नेमकं मध्यावर बसतं की नाही ते ठरतं. दाब कमी पडला तर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. जास्त झाला तर स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपसूक सरळ येत नाही. मध्य चुकला तर अ‍ॅक्सलचा शाफ्ट आतल्या सीलमध्ये एका बाजूला रेटला जातो, नवं सीलही लवकर गळू लागतं आणि डिफरन्शिअलचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) तेल पुन्हा नकलमध्ये उतरतं. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच परत.

त्या दिवशी दोन गाड्या नीट झाल्या. तिसरी आम्ही अंदाजाने बंद केली आणि ती महिन्याभरात गळायला लागली. चौथी आठवडाभर स्टँडवर उभी राहिली. तो मित्र रोज त्याच गाडीने कामावर जायचा. तो काही बोलला नाही, पण आम्ही त्याला अडचणीत टाकलं हे मला अजून टोचतं. या वेळी अंधार पडताना एकही गाडी उघडी राहता कामा नये.

आता मुख्य प्रश्न. आमच्यात दोन मतं आहेत.

पहिलं मत असं की कामं वाटून घ्यायची. एक जण फक्त धुणार, एक जण बेअरिंगचे जुने कप ठोकून काढून नवे बसवणार, एक जण फक्त ग्रीस भरणार, आणि गाड्या एकामागून एक पुढे सरकणार. यात वेग आहे आणि हत्यारंही कमी लागतात. चाकाच्या बेअरिंगच्या नटाचा ५४ मिमीचा सॉकेट आमच्याकडे एकच आहे, टॉर्क रेंच (नट मोजून आवळायचा पाना) दोन.

दुसरं मत असं की ज्याची गाडी त्याने तिचा अ‍ॅक्सल पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत स्वतः करायचा आणि जाणत्यांनी शेजारी उभं राहायचं. माझा कल इकडे आहे. आडरानात कुठे बर्फील्ड तुटला तर मालकालाच तो काढावा लागणार. ज्याने दिवसभर फक्त ग्रीस भरलं त्याला तिथे काय करायचं ते कळणार नाही. पण या पद्धतीने चार गाड्या एका दिवसात होतील याची मला खात्री नाही. नवख्या माणसाला एका गाडीलाच पूर्ण दिवस लागतो.

याशिवाय, धुण्याची सोय तुम्ही कशी करता? आम्ही रॉकेल वापरतो. पेट्रोल अजिबात नाही, त्याची वाफ साध्या ठिणगीने पेटते. आणि ऐन वेळी कोणते भाग खराब निघतात, म्हणजे जादा आणून ठेवावेत? सीलचे संच आणि बेअरिंग मागवली आहेत. स्पिंडलमधलं (हब ज्यावर फिरतं त्या पोकळ नळीतलं) पितळी बुश, हबवरचे शंकूच्या आकाराचे कोन वॉशर आणि लॉक वॉशर यांचं काय करावं?

अनुभवी लोकांनी जरूर लिहा.

प्रतिसाद १

अशी शिबिरं मी बऱ्याचदा घेतली आहेत. स्पष्ट सांगतो, चार गाड्या एका दिवसात करू नका. दोनच घ्या. उरलेल्या दोन पुढच्या वेळी, आणि तेव्हा या वेळचे नवखे हाताशी तयार असतील.

त्या दोनही एकदम उघडू नका. पहिलीचा धुण्याचा टप्पा संपल्याशिवाय दुसरीच्या चाकाला पाना लावायचा नाही. त्यामुळे टब, सॉकेट आणि टॉर्क रेंच यांच्यासाठी रांग लागत नाही. दुसऱ्या गाडीचा मालक पहिलीवर हात लावून शिकतो आणि मग आपल्या गाडीवर तेच स्वतः करतो. तुमची दोन्ही मतं यात बसतात.

खरं काम आठवडाभर आधीचं आहे. प्रत्येक गाडी पुढून उचलून स्टँडवर घ्या. चाक वर आणि खाली धरून हलवा. चाळ (ढिलेपणा) जाणवली तर एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर चाळ गेली तर चाकाची बेअरिंग ढिली आहेत, तशीच राहिली तर नकलची. मग मोकळ्या जागेत फोर-व्हीलमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. टकटक आली तर बर्फील्डच्या गोळ्यांच्या खाचा झिजल्या आहेत. शेवटी डिफरन्शिअलचा फिलर प्लग उघडून पातळी बघा. तेल कमी आणि नकलच्या गोळ्यावर ओला काळा थर, म्हणजे आतलं सील गेलं. एवढं केलंत की कोणत्या गाडीला काय लागणार ते आधीच कळतं.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. अ‍ॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी, तपासा. तो चिखलाने बुजला असेल तर तापलेली हवा आत कोंडते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. नवं सील घातलं आणि ब्रीदर तसाच ठेवला, तर दोष सीलचा नसतो.

शिमसाठी माझी पद्धत: कॅप उघडली की तिच्याच शिम तारेत ओवून त्याच कॅपला बांधायच्या, मायक्रोमीटरने माप घेऊन कागदावर लिहायचं, आणि त्या टबात जाऊच द्यायच्या नाहीत. कोरड्या फडक्याने पुसायच्या. शिवाय प्रत्येक बाजूला आपला वेगळा ट्रे, दोन बाजूंचे भाग एका ट्रेमध्ये कधीच नाहीत.

प्रतिसाद २

८० सिरीजवाल्यासाठी. ती गाडी कायम फोर-व्हीलमध्ये चालणारी असेल तर बर्फील्डच्या खाचा पुढे जाण्याच्या दिशेनेच झिजतात. टकटक किरकोळ असेल तर डावा बर्फील्ड उजवीकडे आणि उजवा डावीकडे घाला, गोळे न झिजलेल्या बाजूवर दाबतात. मी हे केलंय आणि आवाज गेला. मात्र खाचेत चीर किंवा पोपडे दिसले तर नवाच घ्या.

शाफ्टवरून बर्फील्ड काढताना आतल्या चांदणीवर (जॉइंटच्या मधल्या चांदणीच्या आकाराच्या भागावर) पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांडी) ठेवूनच ठोका. पोलादावर पोलाद ठोकलं की कपची उडते. तो दिवसभर डोळ्यांवर चष्मा हवाच. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपर तारेने वर बांधा, ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबकळत ठेवू नका.

कोन वॉशर अडकतात तेव्हा नवखी मंडळी पटाशी घालतात आणि हबचं तोंड खराब करतात. नट दोन आटे ढिला करून स्टडच्या शेजारी हबवर पितळी हातोडीने ठोका, वॉशर उडी मारून वर येतो. बुश प्रत्येक गाडीसाठी आणून ठेवा. लॉक वॉशर तर दर वेळी नवाच.

आणि शाफ्ट परत घालताना घाई नको. त्याच्या दात्यांनी नव्या सीलची ओठासारखी कड फाटते. एकाने शाफ्टचं वजन उचलून धरायचं, दुसऱ्याने सरळ आत सरकवायचा. दोन माणसांची खरी गरज मला याच क्षणी वाटते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. गटाशी बोललो. दोन गाड्या घ्यायचं सगळ्यांना पटलं, आणि कोणत्या दोन ते आधीच्या तपासणीवरून ठरवू. ज्याची गाडी जास्त गळतेय तिला पहिला मान. दुपारी दोननंतर कोणतीही नवी बाजू उघडायची नाही हा नियम मी लिहून लावणार आहे.

एक शंका उरली. नव्या बेअरिंगवर नकलचा दाब मोजायचा तर स्प्रिंग काटा स्टिअरिंग आर्मच्या भोकात अडकवून काटकोनात ओढायचा, हे माहीत आहे. पण हे पुसणारी सील लावून करायचं की आधी?

प्रतिसाद १

आधी. सील आणि शाफ्ट दोन्ही बाहेर असताना. सीलचं घर्षण मिसळलं तर आकडा खोटा जास्त दिसतो. बेअरिंगला ग्रीस लावा, कॅप पूर्ण टॉर्कला आवळा, नकल दोन-चार वेळा इकडून तिकडे फिरवून बेअरिंग बसू द्या आणि मग ओढा. नकल ज्या क्षणी हलायला लागतं तो आकडा धरायचा आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडायचा. कमी आला तर शिम काढा, जास्त आला तर घाला. जेवढी वरून काढाल तेवढीच खालूनही, नाहीतर मध्य हलतो.

गाडी खाली उतरवली की हलवण्याआधी ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत दाबा, पॅड मागे सरकलेले असतात. आणि काही शे किलोमीटर झाले की स्टिअरिंग आर्मचे स्टड आणि चाकाच्या बेअरिंगची चाळ पुन्हा तपासा. ते स्टड ढिले झाले तर स्टिअरिंगच हातातून जातं. म्हणून ही दुसरी तपासणी कुणाच्या लक्षात राहील यावर सोडू नका, तिचीही तारीख आजच ठरवून टाका.

धागाकर्ता

तारीख ठरवली. त्या दिवशी दोन्ही गाड्या पुन्हा एकत्र येतील, टॉर्क रेंच माझ्याकडे असेल. शिमच्या मापांचा कागदही करून ठेवलाय: गाडी, बाजू, वरची, खालची, असे चार रकाने. तपासणी झाली की इथेच कळवतो.