ग्रंथपाल म्हणजे दारवान?

संदर्भकक्ष
'मुक्तछंद' यांनी काल लिहिलं, "गुगलसारख्या शोधयंत्रांनी ज्ञानाच्या दारातले दारवान हाकलले. ग्रंथपाल, प्राध्यापक, विश्वकोशवाले, आता कुणाचीच मनधरणी करावी लागत नाही." हे वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. मी २६ वर्षं संदर्भ विभागात काढली आहेत.

एकदा एक गृहस्थ आले, म्हणाले, "जमिनीवरचं पुस्तक द्या." शेतीचं दिलं, नको. मातीचं दिलं, तेही नको. मग त्यांना बसवलं, बोलतं केलं. दहा मिनिटांनी कळलं, भावाने वाटणीत फसवलं होतं आणि त्यांना वारसाहक्काचा कायदा वाचायचा होता. माणूस जे मागतो तेच त्याला हवं असतं असं नाही. ते ओळखणं हे आमचं काम. यंत्रात नुसतं "जमीन" टाकलं असतं तर प्लॉट विकणारे पुढे आले असते.

आणि हे यंत्र उभं कुणाच्या जिवावर राहिलं? १९९४ची याहू म्हणजे माणसांनी हाताने लावलेली संकेतस्थळांची विषयवार सूची होती. १९९५च्या अखेरीस अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र आलं, पानांतला शब्द न् शब्द शोधू लागलं, पण निकालांच्या ढिगात कामाचं काय ते कळेना. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी त्या ढिगाला क्रम लावला, तो एखाद्या पानाकडे किती आणि कोणत्या पानांनी बोट दाखवलंय यावरून. निबंधाचं वजन इतर निबंधांत त्याचा किती उल्लेख होतो, म्हणजे उद्धरणांवरून जोखण्याची रीत संशोधकांत त्याआधीपासून होतीच. ज्यांचं घेतलं त्यांनाच दारवान म्हणायचं?

त्याच दोघांनी १९९८च्या निबंधात लिहून ठेवलं होतं की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकणारच. २००० साली त्यांनीच शोधनिकालांसोबत जाहिराती दाखवणारं ॲडवर्ड्स सुरू केलं. दारवान आजही आहे, त्याचा पगार जाहिरातदार देतो एवढंच.

मुक्तछंद
ताई, त्या गृहस्थांना तुम्ही बसवून घेतलंत. मला कुणी बसवलं नाही. शाळा सुटली की ग्रंथालयात जायचो, तर कपाटाला कुलूप आणि "संदर्भाची पुस्तकं पदवीच्या मुलांनाच" हे ठरलेलं उत्तर. तिथल्या बाईंचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. यंत्राने मला कधी ओळखपत्र मागितलं नाही.

मुलगी दीड वर्षाची असताना रात्री दोन वाजता तिला तापात झटका आला. डोळे वर, हातपाय ताठ. बायको तिच्या तोंडात चमचा घालायला धावली, कारण लहानपणापासून तेच ऐकलेलं. मी एका हाताने फोनवर टाइप केलं आणि वाचलं, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ लावा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर लगेच रुग्णालयात न्या. चमचा हिसकावून घेतला. दोन मिनिटांत ती सैल पडली आणि रडली. रात्री दोनला कुठलं ग्रंथालय उघडं असतं?

कळफलक
मुलीचं वाचून पोटात गोळा आला. तरीही "मनधरणी करावी लागत नाही" हे मला पटत नाही. कुठल्या दारातून आत शिरायचं ते फोन हातात येण्याआधीच ठरलेलं असतं. आयफोनवरच्या सफारी या ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून असावं म्हणून गुगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गुगलने ही मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवली.

मुक्तछंद
सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं की.

कळफलक
तुम्ही बदललंत कधी?

मुक्तछंद
नाही. गरज पडली नाही.

विसरभोळी
मला वेगळीच भीती वाटते. मुलं आता काही लक्षातच ठेवत नाहीत. २०११मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत अभ्यास आला होता, माहिती पुन्हा सापडेल अशी खात्री असली की माणूस ती डोक्यात ठेवत नाही.

कळफलक
त्या अभ्यासातला एक प्रयोग पुन्हा करून पाहिला, त्याचे निकाल २०१८मध्ये आले, तेव्हा मूळचा निकाल पुन्हा मिळाला नाही. त्यावर फार मोठं काही उभारू नका.

दुसरंनाव
विसरण्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. यंत्र विसरत नाही त्याचं काय?

११ वर्षांपूर्वी कामाच्या ठिकाणच्या अफरातफरीत मला अटक झाली. ३ वर्षांनी निर्दोष सुटलो. कागदावरची सही माझी नव्हतीच, हे हस्ताक्षरतज्ज्ञाने न्यायालयात सांगितलं. आजही माझं नाव टाका, पहिल्या पानावर फक्त अटक. नाव पुरतं टाइप व्हायच्या आत पुढे "अटक" हा शब्द आपोआप येतो. सुटकेची बातमी तिसऱ्या पानावर. तिथपर्यंत कोण जातं? मुलाखत चांगली होते, आणि नंतर कुणी फोन उचलत नाही. मुलीच्या वर्गातल्या एकाने ती बातमी मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवली.

युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी एका स्पॅनिश माणसाच्या बाजूने निकाल दिला. थकलेल्या देण्यापायी त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची सूचना १९९८ साली वर्तमानपत्रात आली होती. देणं केव्हाच फिटलं, तरी गुगलवर नाव शोधलं की तीच समोर. न्यायालय म्हणालं, वर्तमानपत्रातलं राहू दे, नावाच्या शोधात येणारा दुवा काढा. मला तेवढंच हवंय.

शाईचीबोटं
१९ वर्षं बातमीदारी केली आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. दुवा काढून घेण्याचा हा हक्क मागायला लोकांचे पैसे बुडवणाराही येईल आणि घरं अर्धवट टाकून पळालेला बिल्डरही. मग घर घेणाऱ्याला त्याचा पूर्वेतिहास कळायचा कसा? आणि तुमच्या अटकेची बातमी खोटी नव्हती. अटक झाली होती.

दुसरंनाव
झाली होती. सुटकाही झाली होती. अटक सहा कॉलम आणि सुटका चार ओळी, हा तुमचा धंदा!

शाईचीबोटं
धंदा म्हणू नका. घरी धमक्यांचे फोन येत असताना बातम्या दिल्या आहेत. आज दुवा काढाल, उद्या बातमीच काढा म्हणाल.

दुसरंनाव
मी असं एकदाही म्हटलेलं नाही. माझं लिहिलेलं नीट वाचा.

संदर्भकक्ष
दोघेही जरा थांबा. छापील ग्रंथात चूक निघाली की आम्ही शुद्धिपत्र त्याच पानाला चिकटवायचो. पान फाडत नव्हतो. पण ते पान उघडणाऱ्याला दुरुस्ती दिसायचीच. यंत्रात हे दोन कागद वेगळे झाले. अटकेकडे शंभर जणांनी बोट दाखवलं, सुटकेकडे दोघांनी, म्हणून अटक वर. मी पहिल्यापासून या क्रमाबद्दलच बोलतेय.

मुक्तछंद
आणि सुटका चार ओळींत कुणी उरकली? माणसांनीच ना? दर वेळी यंत्रावर काय ढकलता!

शाईचीबोटं
हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. आत्ता माझं जुनं लिखाण काढून पाहिलं. अटकेच्या तीन बातम्या अशा निघाल्या की त्यांतले दोघे पुढे सुटले. एकाही बातमीखाली तशी ओळ नाही. नाव माझं आहे, चूकही माझीच. दुवा काढायला माझा विरोध कायम आहे. पण शीर्षकातच "पुढे निर्दोष मुक्तता" घालता येईल. उद्या संपादकांशी बोलतो.

दुसरंनाव
माझी बातमी तुमच्याकडची नसावी. तरी त्या दोघांसाठी नक्की बोला.

संदर्भकक्ष
मुक्तछंद, कुलपाचं तुमचं खरं आहे. आमच्याकडेही होतं. किल्ली माझ्याच टेबलाच्या खणात असायची, आणि शाळेच्या मुलांना मीही परत पाठवलंय. दारवान हा शब्द म्हणूनच लागला असेल. पण एक सांगा, त्या रात्री ती माहिती कितवी होती?

मुक्तछंद
चौथी. वर तीन जाहिराती होत्या, त्यातली एक थर्मामीटरची. अंगठ्याने ढकलत खाली गेलो होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं.